तांबड्या पाण्याची हाक

ओतशाळेच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भट्टीवरचे, साच्यांवरचे, ओतीव घासणाऱ्या बाया, झाडूवाल्या आजी, फाटकावरचा पहारेकरी, सगळे माना उंचावून उभे. मधोमध हाक्यामामा. डोळ्यांवर काळं फडकं, मनगटावर निळा पट्टा, हात सैल सोडलेले. वर तुळईच्या आकड्याला दोरीनं टांगलेली वाळूची गोणी. मुकादमांनी ती झोपाळ्यासारखी मागं ओढून धरली होती आणि तिच्या वजनानं त्यांचे स्वतःचे पाय सरकत होते.

"मामा, काही दिसतंय का?"

"काळोख दिसतोय," मामा म्हणाले. लोक हसले.

विचारणारा माणूस म्हणजे संकेतगुरू. अंगात पांढरा कोट, जो डॉक्टरचाही नव्हता आणि स्वयंपाक्याचाही नव्हता. ओठांपाशी काडीएवढा माईक. अंगण एवढंसं, साधं बोललं तरी भिंतीपर्यंत पोचलं असतं. पण माईकमधून आलेला शब्द लोकांना जरा शिकलेला वाटतो.

"माझ्या बंधूंनो, भगिनींनो, संकट कधीच अचानक येत नाही. आधी त्याची लहर येते. पूर्वजांना ती कळायची. आपल्याला कळत नाही, कारण आपलं मन गोंगाटात आहे. हा पट्टा म्हणजे त्या लहरीचा निरोप्या. आता कुणी श्वासही घेऊ नका."

श्वास कुणी घेतला नाही. मुकादमांनी गोणी सोडली.

ती आली. मामांच्या मनगटावर पट्टा गुरगुरला, बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखा. मामा डाव्या अंगाला सरले आणि गोणी त्यांच्या उजव्या खांद्याला वारा घालून निघून गेली.

अंगणातून एकच हुंकार उठला. झाडूवाल्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. मामांनी फडकं सोडलं तेव्हा त्यांचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. माझ्या शेजारी माझी ताई उभी होती. तिनं माझा दंड धरला नि विचारलं, "काय झालं गं? वाजला का तो?"

ताईला ऐकू येत नाही. पूर्वी ती ओतीव, म्हणजे साच्यातून निघालेलं लोखंड, घासायच्या कामावर होती. छिन्नी, हातोडा आणि लोखंडाचा कर्कश्श जाच यांत तिचे कान हळूहळू विझले. मग तिला साच्यांवर घेतलं. वाळूत साचा उतरवावा तो ताईनंच. बोटांच्या टोकांनी कड अशी गुळगुळीत करते, जणू झोपलेल्या लेकराच्या कपाळावरचे केस सारतेय. मी तिची धाकटी. माझे कान शाबूत आहेत, हात मात्र तिच्याएवढे शहाणे नाहीत.

आता आमच्याकडची हाक काय असते ते सांगायला हवं.

थंड लोखंड भारी बडबडं. आपटलं की बोलतं, घासलं की रडतं. पण वितळलं की त्याची वाचा जाते. भट्टीतून बादलीएवढ्या पळीत घेतलेलं ते तांबडं पाणी दोघंजण लांब दांडीवर तोलून आणतात आणि ते मांजराच्या पावलांनी येतं. साच्यांवरची माणसं खाली वाकलेली, पाठ भट्टीकडे. म्हणून पळीच्या पुढं एक माणूस चालतो. त्याला आम्ही हाक्या म्हणतो. तो गातो:

*सरा बाजूला, सरा बाजूला, येतंय तांबडं पाणी,*
*त्याला नाही मायबाप, त्याला नाही वाणी.*

आणि प्रत्येक 'सरा'बरोबर टाच आपटतो. भट्टीपासून साच्यांपर्यंत लोखंडी पत्र्यांची वाट अंथरलेली आहे. टाच तिथं पडली की ठोका सगळ्या वाटेभर पळतो. ज्यांचे कान गेले त्यांना तो गुडघ्यांतून कळतो, तळहातातून कळतो. ताईचा एक गुडघा कायम पत्र्यावर टेकलेला असायचा. मामांची हाक तिनं कैक वर्षांत ऐकली नव्हती, आणि एकदाही चुकवली नव्हती.

मालकांनी सगळ्यांना पट्टे घेऊन दिले. दुसऱ्या दिवशी संकेतगुरूंनी नियम सांगितला, "आरडाओरड बंद. आवाजानं लहर फाटते. पाय आपटणं तर मुळीच नको. पट्ट्यावर विश्वास ठेवा, तो तुमच्यावर ठेवेल."

मला वाटलं, मामा भांडतील. बापाकडून आलेली हाक ती. पण मामांचं मन केव्हाच मनगटात जाऊन बसलं होतं. साऱ्या ओतशाळेत त्यांचाच पट्टा सर्वांत आधी गुरगुरायचा. कुठं साखळी सुटली, कुठं फळी निसटली, की मामांचा हात थरथरलाच. संकेतगुरूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारून जाहीर केलं, "यांची लहर सर्वांत निर्मळ." असलं कौतुक त्या माणसाचं आजवर कुणी केलं नव्हतं. हाक गळ्यात ठेवून ते पळीपुढं मुकाट्यानं चालू लागले.

मी मनातल्या मनात त्या कोटवाल्याचं नाव थरथरे ठेवलं. माझ्या पोटात त्याच्याबद्दल पहिल्या दिवसापासून निखारा होता, आणि तो मी विझू दिला नाही.

पट्ट्याच्या कथा वाढत गेल्या. एकीच्या पायावर ओतीव पडता पडता राहिलं, पट्टा वाजला होता. एकाला फाटकाशी मोटारीनं धडक दिली असती, पट्टा वाजला होता. पट्टा उगाच वाजला आणि काहीच झालं नाही, तर म्हणायचं, "टळलं बघ." मी विचारलं, "काय टळलं?" उत्तर आलं, "टळलं ते कसं दिसणार? तू फार फाटे फोडतेस."

ताईचा पट्टा मात्र मुका. तिच्या मागं पत्र्याचा ढीग कोसळला, तेव्हाही तो गप्प. थरथर्‍यांनी तिचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं, जसं बाजारात कुजकं फळ धरतात.

"पट्ट्यात दोष नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "काही माणसं लहरबंद असतात. मनात खोट असली की मनगटाला मौन येतं."

"काय म्हणाले?" ताईनं मला विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. पण ताईला ओठ वाचता येतात. तिनं बाही खाली ओढून पट्टा झाकला.

त्यानंतर लोकांची तोंडं बदलली. जेवायच्या सुट्टीत तिच्याशेजारची जागा रिकामी राहू लागली. जिच्या पोरीला ताईनं कडेवर वाढवलं ती बाई म्हणाली, "तसं मनात काही नाही गं माझ्या. पण विषाची परीक्षा कशाला?" मी म्हटलं, "विष कोण, माझी बहीण?" तिनं डबा उचलला नि पलीकडं जाऊन बसली.

आणि मग ते घडलं. साचा पुरा झाला की ताई उठते, एक पाऊल मागं सरते आणि मान तिरकी करून बघते. रांगोळी काढणारी बाई बघते तसं. त्या दिवशीही ती मागं सरली. तिच्या पाठीशी पळी होती. पुढं मामा होते, तोंड मिटलेले, पावलं हलकी. ताईचं कोपर दांडीला लागलं, पळी कलली आणि तांबड्या पाण्याचा एक ओघळ ओल्या वाळूवर पडून फुलबाजीसारखा उधळला. मी हातातलं घमेलं टाकून धावले. एक ठिणगी ताईची बाही जाळून दंडात रुतली होती. ती ओरडली नाही. फक्त माझ्याकडे बघून म्हणाली, "ठोका आला नाही गं."

तिचं ते वाक्य कुणी ऐकलंच नाही. सगळे आपापली मनगटं दाखवण्यात दंग.

"माझा वाजला."

"माझापण. पळी कलली तसा लगेच."

"सगळ्यांचे बोलले, हिचाच तेवढा गप्प."

थरथरे आले. दंडावरच्या भाजलेल्या जागेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "लहरबंद माणूस स्वतःसकट सगळ्यांना बुडवतो. उद्या अंगणात हिची परीक्षा घेऊ. डोळे बांधून, वाळूची गोणी सोडून. पट्टा बोलला तर ठीक. नाही बोलला, तर हिला इथं ठेवणं म्हणजे पाप."

मुकादम माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालकांनी मान्य केलंय. माझ्या हातात काही नाही बघ."

घरी मी ताईला समोर बसवून, ओठ नीट हलवून सांगितलं, "गोणी लागली तर मान मोडेल. नाही म्हण."

"नाही म्हटलं तर साचे सुटतील."

"सुटू देत."

"आणि मग मी काय करू?" दंडाला मलम लावत ती म्हणाली. "ऐकू येत नाही तिथं हातच बोलतात माझे. तेही गप्प करू?"

मी मलमाची डबी तिच्या हातून घेतली नि उरलेलं लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात कानाच्या डॉक्टरीणबाईंची गाडी उभी होती. दरवर्षी त्या आमचे कान तपासायला येतात. गाडीतच एक लहानशी खोली आहे. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. डोक्यावर कर्णफोन चढवायचे, आवाज आला की बटण दाबायचं. बाई काचेपलीकडून बघत असतात. उंच, सावळ्या, बोलायला फटकळ.

मी आत बसले. बारीक बारीक आवाज येत होते. मध्येच एक आवाज एकदम मोठा आला नि मी दचकले. मनगटावर पट्टा गुरगुरला.

बाईंनी दार उघडलं. "हे काय वाजलं?"

"पट्टा. संकट आलं की वाजतो."

"अस्सं. माझ्या खोलीत कुठलं संकट आलं? मी?"

"तुम्ही आवाज मोठा केलात, त्यानं मी दचकले," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझंच बोलणं माझ्या कानात शिरलं.

बाई माझ्या मनगटाकडे बघत राहिल्या. "सकाळपासून बघतेय. ज्यांचे कान चांगले, ते सगळे त्याच आवाजाला दचकतात आणि त्यांचा पट्टा वाजतो. ते म्हातारे मामा, त्यांचे कान तर वयाच्या मानानं नवल आहेत, ते इतके जोरात उडाले की कर्णफोन खाली पडले. आणि तुझ्या बहिणीला मी तोच आवाज ऐकवला. ती दचकली नाही, पट्टा वाजला नाही. दंड कुठं भाजला तिचा?"

मी सगळं सांगितलं. गोणीचंही. बाईंनी लेखणीला टोपण लावलं. "चल, मला ते अंगण दाखव."

अंगण पुन्हा भरलं होतं, पण आजचे डोळे निराळे होते. मागच्या वेळी नवल बघायला आले होते, आज कुणाचं तरी वाईट होताना बघायला. ताई मधोमध उभी, हातात फडकं. गोणी तुळईला लटकत होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी डॉक्टर आहे. वाळूची गोणी माझ्यासमोर कुणाच्या डोक्यात जाणार नाही. आधी ती याला मारा." वाळू ठोकायचा लाकडी दांडा त्यांनी जमिनीत रोवला, ताईचा पट्टा सोडून त्यावर बांधला.

थरथरे हसले. "बाई, कान तुमचा विषय. लहर आमचा."

"मग बघू या की."

गोणी सुटली. दांड्यावर आपटून तिनं त्याला आडवा केला. गोणी पोचायच्या आधी पट्ट्यातून आवाज नाही. दांडा जमिनीवर आदळला तेव्हा मात्र तो गुरगुरला.

"मेल्यावर सांगतो होय हा," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"लाकडाला जीव नाही," थरथरे पटकन म्हणाले. "जीव नाही तिथं संकट कसलं? पट्टा योग्य तेच वागला." माना डोलल्या. मला त्या मानांचा राग आला.

"बरं, जिवंत माणूस घेऊ," बाई म्हणाल्या. "ज्यांची लहर सर्वांत निर्मळ, ते."

मामा ताठ होऊन पुढं आले. बाईंनी गोणीतली वाळू ओतून चिंध्या भरायला लावल्या. मामांच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. मग त्यांच्या कानांत बोळे घातले आणि वरून गाडीतले जाड कर्णफोन बसवले.

"कान कशाला बंद करता?" थरथर्‍यांचा आवाज माईकमध्येही जरा बारीक झाला.

"लहर मनगटाला कळते ना? मग कानांचं काय काम?"

मामा हात सैल सोडून उभे राहिले. चेहर्‍यावर तोच नवरदेवाचा भरवसा. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला. मुकादमांनी गोणी सोडली. तुळईचा आकडा नेहमीसारखा कर्र करून कण्हला. गोणी आली, आली, आणि थेट मामांच्या छातीवर बसली. मामा वाळूत बसले. पट्टा त्यांच्याबरोबर खाली आपटला, तेव्हा कुठं गुरगुरला.

कुणी हसलं नाही.

"चिंध्यांची गोणी," थरथरे म्हणाले, "म्हणजे संकट नव्हे. पट्ट्याला ते कळलं. हेच तर त्याचं मोठेपण."

आणि काय सांगू, निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर परत उजेड आला. माणसाला फसायचंच असलं की तो फसवणाऱ्याला दमही खाऊ देत नाही.

बाई मामांपाशी गेल्या. त्यांच्या कानांवरचे कर्णफोन नि आतले बोळे काढले, फडकं तसंच ठेवलं, त्यांना उभं केलं. "मामा, आता कान मोकळे आहेत. पुन्हा गोणी येणार." मग ओठांवर बोट ठेवून त्यांनी मुकादमांना खुणावलं. गोणी दोरीवरून उतरवून बाजूला ठेवायला लावली आणि रिकामी दोरी त्यांच्या हाती दिली. लोंबकळा, अशी खूण केली.

मुकादम पट्ट्याचे पक्के भक्त. पण डॉक्टर सांगतायत म्हटल्यावर त्यांनी पाय वर घेतले आणि एवढा जाडजूड माणूस दोरीला झोके घेऊ लागला. आकडा कर्र करून कण्हला.

मामांचा खांदा उडाला. मनगट गुरगुरलं. मामा झटकन डाव्या अंगाला सरले.

बाईंनी फडकं काढलं. मामांनी पाहिलं: समोर गोणी नाही, दोरीला मुकादम.

"गुरुजी," बाई म्हणाल्या, "चिंध्यांची गोणी संकट नाही म्हणून पट्टा गप्प बसला. मग हे मुकादम संकट आहेत का?"

"कधी कधी असतात," ओतीव घासणाऱ्या बायांतून आवाज आला, आणि मग अंगण हशानं फुटलं. मुकादम दोरी सोडून खाली उतरले, तळवे फुंकत.

थरथर्‍यांचे ओठ हलले, माईकमधून नुसती खरखर आली.

बाईंनी माझ्याकडे बारीक पेचकस मागितला नि ताईचा पट्टा उघडला. आत लहान बॅटरी, थरथरणारी एक चकती, आणि केसाएवढी नाजूक स्प्रिंग. तिच्या पोटातून गेलेली एक तार. "हात झटकला की स्प्रिंग तारेला टेकते. टेकली की चकती थरथरते. लहान मुलांच्या बुटांत दिवे लागतात ना चालताना? तेच हे. बुटांना निदान कुणी लहर म्हणत नाही." मग त्या मामांकडे वळल्या. "तुम्ही आकड्याचा आवाज ऐकता. मनाला कळायच्या आधी अंग दचकतं. पट्टा त्यानंतर वाजतो. संकट तुमच्या कानांनी ओळखलं, श्रेय यानं खाल्लं. आणि जिला आवाजच येत नाही तिला हा काय सांगणार? तिला सांगणारी एक गोष्ट इथं होती. ती तुम्ही बंद केलीत."

ताई सगळे ओठ वाचत होती. ती पुढं आली. तिला स्वतःचा आवाज मोजता येत नाही, त्यामुळं ती जरा मोठ्यानंच बोलते.

"खोट माझ्या मनात होती म्हणे," ती थरथर्‍यांना म्हणाली. "स्प्रिंगमध्ये बघा हो एकदा."

तो माणूस त्या दिवशीच गेला. जाताना या खेपेचा माल सदोष निघाला, असं काहीसं पुटपुटला. ज्यांनी ताईशेजारची जागा सोडली होती त्यांतल्या कुणीही येऊन चुकलो म्हटलं नाही. डबे तेवढे हळूहळू जवळ सरकले. झाडूवाल्या आजींच्या हातात पट्टा अजून आहे. "राहू दे गं, बरं वाटतं," त्या म्हणतात. मी त्यांना सांगितलं, "आजी, बरं वाटतं म्हणूनच माझ्या बहिणीचा दंड भाजला." त्या माझ्याशी बोलत नाहीत. नाही बोलल्या तर नाही.

कुणी म्हणेल, तुला यंत्रांचंच वावडं आहे. मुळीच नाही. आमच्या भट्टीपाशी विषारी वायू कळवणारा डबा भिंतीला लावलेला आहे, आणि त्याच्यावर मी डोळे मिटून विसंबते. कारण त्याच्यासमोर मुद्दाम चिमूटभर वायू सोडून त्याला तपासतात. वाजला तर ठेवायचा, नाही वाजला तर बदलायचा. त्याला कुणी निर्मळ म्हणत नाही आणि तो गप्प बसला तर माणसात खोट काढत नाही. उद्या खरोखर संकट सांगणारा पट्टा कुणी आणला तर मी ताईच्या हातात पहिल्यांदा बांधीन. पण आधी विचारीन, बाबा रे, हा काय मोजतो? संकट असून तो गप्प राहतो का, नसून वाजतो का, हे मला करून बघू देशील का? खऱ्या यंत्राला असल्या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला राग येतो त्याला ओळखून असा.

मामा त्यानंतरही बरेच दिवस पट्टा बांधूनच यायचे. हाक पुन्हा सुरू करा, असंही कुणी त्यांना म्हटलं नाही. म्हणायची लाज वाटत होती. पळी भरली की ते पुढं चालायचे, तोंड मिटून, आणि ताईला उठवायला मी हातातलं काम टाकून पळत जायचे. एकदा मला पोचायला उशीर झाला. पळी निम्म्या वाटेवर होती आणि ताई पाठमोरी, गुडघा पत्र्यावर टेकून साच्याची कड सारत होती. मामा थांबले. त्यांनी मनगटावरचा पट्टा सोडून खिशात कोंबला, घसा खाकरला आणि टाच अशी आपटली की पत्र्यावरची वाळू उडाली.

*सरा बाजूला, सरा बाजूला, येतंय तांबडं पाणी...*

आवाज फाटका, गंज चढलेला. ताईनं मागं वळून पाहिलं नाही. कड पुरी केली, हात झटकले आणि ती शांतपणे डाव्या अंगाला सरली. तिचं मनगट मोकळं होतं.